पारशी, पान आणि जनुक : मुंबईने कर्करोगाला विचारलेला प्रश्न

#इतिहासधागा

१/
१९७० साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये मुंबईविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. डॉ. दाराब जस्सावाला, अमेरिकेचे संख्याशास्त्रज्ञ विल्यम हेन्सेल आणि त्यांचे सहकारी हे त्याचे लेखक. विषय असा की, पारशी समाजात शरीराच्या कोणत्या अवयवांना कर्करोग होतो आणि उर्वरित मुंबईत कोणत्या. एकच शहर, तीच हवा, तेच नळाचे पाणी. तरीही दोन चित्रे निराळी निघाली. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग ठळकपणे अधिक, गर्भाशयमुखाचा कमी. आणि तोंड-घशाचे जे कर्करोग मुंबईच्या रुग्णालयांत एरवी गर्दी करीत, ते पारशांत अगदी थोडे.

हे असे का? आहार, परिसर, की रक्तातून आलेला वारसा? या धाग्यात त्या प्रश्नाचा इतिहास पाहू. कर्करोग झाल्यावर आज प्रत्येक घरात हाच प्रश्न विचारला जातो, आणि बहुधा दोषाच्या स्वरात विचारला जातो. म्हणून तो कोठून आला हे माहीत असणे बरे.

२/
आरंभ थोडा मागे, १८६६ पासून करू. त्या वर्षी काश्मीरमधील स्कॉटिश मिशनरी डॉक्टर विल्यम एल्म्स्ली यांनी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये एक निरीक्षण नोंदविले. काश्मिरी माणूस हिवाळ्यात फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरतो. आणि पोटाच्या व मांडीच्या नेमक्या त्याच भाजलेल्या कातडीवर त्यांना कर्करोगाचे व्रण आढळत होते. कारण उघड होते : बाहेरचे, परिसरातले, सवयीतले.

त्याच १८६६ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने अर्बुदांवरील आपल्या ग्रंथात एका कुटुंबाची वंशावळ दिली. पिढ्यान्‌पिढ्या त्या घरातील स्त्रिया स्तनाच्या कर्करोगाने मरत होत्या. ते कुटुंब त्याच्या पत्नीचे होते. येथे कारण आतले, वंशातले.

आणि ग्रेगोर मेंडेलचा वाटाण्यावरील निबंध छापून आला तोही १८६६ मध्येच. तो मात्र त्या वेळी फारसा कोणी वाचला नाही. इतिहासात असे योगायोग फार अर्थाचे नसतात, पण लक्षात राहायला सोयीचे असतात.

३/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक तिसरे उत्तर लोकप्रिय झाले : आहार. इंग्लंड-अमेरिकेत कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे आकडे वाढत होते. ‘हा सुधारलेल्या माणसाचा रोग आहे; मांस, मद्य आणि आरामाची ही किंमत आहे’ असे म्हणणारा एक मोठा वर्ग निर्माण झाला. त्यांना पुरावा म्हणून हिंदुस्थान हवा होता. शाकाहारी, साधा, निसर्गाजवळचा हिंदू आणि म्हणून कर्करोगमुक्त हिंदू.

हे चित्र खुशामतीचे आहे, म्हणूनच ते आजही आपल्या फोनवर फिरत असते. पण त्याच्या मुळाशी जी आकडेवारी होती ती पाहा. हिंदुस्थानात मृत्यूची नोंद गावचा पाटील किंवा चौकीदार करीत असे आणि कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘ताप’ लिहिले जाई. पोटातल्या किंवा गर्भाशयातल्या गाठीचे निदान करणार कोण? स्त्रिया रुग्णालयात जातच नसत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वय. १९३० च्या दशकातही येथील सरासरी आयुर्मान तिशीच्या पुढे-मागे होते. कर्करोग हा मुख्यतः उतारवयाचा रोग. जेथे पटकी, प्लेग, हिवताप आणि दुष्काळ माणसाला उतारवयापर्यंत पोहोचूच देत नाहीत, तेथे तो दुर्मीळ दिसणारच.

४/
१९३० च्या दशकात विश्वनाथ आणि ग्रेवाल या संशोधकांनी वैद्यकीय महाविद्यालये व रुग्णालये यांच्याकडील नोंदी गोळा करून हीच गोष्ट मांडली. वयाचा हिशेब केला, तर हिंदुस्थानात कर्करोग दुर्मीळ आहे हा समज टिकत नाही. ‘भारतीय आहार आपल्याला वाचवतो’ या समजाला पहिला मोठा धक्का भारतीय आकड्यांनीच दिला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

५/
आता मुंबई. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांचे पती सर दोराबजी पुढच्याच वर्षी गेले. आणि त्यांच्या विश्वस्तनिधीतून हे रुग्णालय उभे राहिले. येथील प्रयोगशाळांचे प्रमुख झाले डॉ. वसंत रामजी खानोलकर.

खानोलकरांचा जन्म क्वेट्ट्याचा, १८९५ मधला. विकृतिशास्त्राचे उच्च शिक्षण लंडनचे. त्यांना भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणतात. पदव्या आणि पदे पुष्कळ आहेत, ती कोठेही वाचता येतील. मला त्यांच्यात रस वाटतो तो त्यांच्या एका सवयीमुळे : सूक्ष्मदर्शकाखालची पेशी पाहून झाल्यावर ते रुग्णाच्या कपड्यांकडे, खिशाकडे आणि ओठांकडे पाहत.

६/
१९४४ साली खानोलकरांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या लागोपाठच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. ‘लागोपाठच्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. निवडून घेतलेले विलक्षण रुग्ण नव्हेत, तर दारातून आले त्या क्रमाने. गाठ तोंडात नेमकी कोठे आहे आणि माणूस तंबाखू कशी घेतो, यांचा संबंध त्यातून दिसू लागला.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, त्यांनी व सूर्याबाई यांनी ‘आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी’मध्ये भारतातील रूढींशी जोडलेले कर्करोगाचे तीन नवे प्रकार वर्णिले. खैनी, म्हणजे चुन्यात मळलेली तंबाखू, खालच्या ओठामागे धरून ठेवणाऱ्यांच्या हिरडीलगत उद्भवणारा. आंध्र किनाऱ्यावर चुट्टा उलटा, म्हणजे पेटते टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा. आणि कमरेला धोतर घट्ट कसून बांधल्याने, वर्षानुवर्षे काचलेल्या त्या पट्ट्यावर होणारा. ‘धोती कॅन्सर’ हे नाव आजही त्वचारोगाच्या पाठ्यपुस्तकांत सापडते.

कांगडी, खैनी, चुट्टा, धोतर. चारही ठिकाणी तर्क एकच : घाव जेथे, रोग तेथे. लंडनच्या पर्सिव्हल पॉटने १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या अंडकोशावरील काजळी दाखवून हाच तर्क प्रथम मांडला होता.

७/
पुढची पायरी अधिक अवघड होती. विडी ओढणारे आणि पान-तंबाखू खाणारे लक्षावधी लोक आहेत. सर्वांना कर्करोग होत नाही. मग संबंध सिद्ध कसा करावा? १९५५ मध्ये ल. ध. संघवी, राव आणि खानोलकर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आपला अभ्यास छापला. कर्करुग्णांच्या सवयी एका बाजूला, कर्करोग नसलेल्यांच्या सवयी दुसऱ्या बाजूला. तंबाखू चघळण्याचा संबंध तोंडाच्या कर्करोगाशी, धूम्रपानाचा घशाच्या खालच्या भागाशी अधिक, आणि दोन्ही सवयी असणाऱ्यांची स्थिती सर्वांत वाईट.

सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाविषयी रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांचा गाजलेला निबंध त्याच नियतकालिकात १९५० साली आला होता. म्हणजे मुंबईचे काम जगाच्या फार मागे नव्हते. मागे राहिले ते धोरण. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

८/
याच संघवी-खानोलकर जोडीचे दुसरे एक काम मला अधिक विचारात पाडते. १९४९ मध्ये त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांमधील सात आनुवंशिक लक्षणांची माहिती प्रसिद्ध केली. नियतकालिकाचे नाव होते ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’. १९५४ मध्ये त्याने नाव बदलून ‘ॲनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’ केले. कारण ‘युजेनिक्स’ हा शब्द हिटलरनंतर उच्चारणे कठीण झाले होते.

कर्करोगाच्या रुग्णालयातील माणसे जातींचे रक्तगट का मोजत होती? कारण मुंबईच्या रुग्णांत समाजासमाजाचे कर्करोग वेगवेगळे दिसत होते आणि हे समाज एकाच वेळी तीन गोष्टींनी वेगळे होते. ते आपापसांतच लग्ने करीत, वेगळे अन्न खात आणि वेगळ्या सवयी पाळीत. जात म्हणजे वंशही आणि स्वयंपाकघरही. यातले कोणते सूत ओढायचे? संशोधकाच्या दृष्टीने भारत ही सोन्याची खाण होती आणि सापळाही.

९/
रुग्णालयातील आकड्यांना एक मूलभूत मर्यादा असते : जो आला तोच मोजला जातो. पारशी समाज शिकलेला, शहरी, रुग्णालयाच्या दारापर्यंत सहज पोहोचणारा. तेव्हा पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग खरोखर अधिक आहे, की तो फक्त अधिक वेळा कागदावर येतो?

उत्तरासाठी संपूर्ण शहर मोजणे भाग होते. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ साली जस्सावाला व नवल टाटा यांनी स्थापन केली होती. तिने १९६३ मध्ये मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली; लोकसंख्येवर आधारलेली देशातील ही पहिली नोंदणी. भारतात कर्करोग कळविण्याचे बंधन डॉक्टरांवर नव्हते. म्हणून नोंदणीची माणसे स्वतः रुग्णालयांत, प्रयोगशाळांत, मृत्युनोंदणी कार्यालयांत फिरून चिठ्ठ्या गोळा करीत. नाव, वय, पत्ता, धर्म, मातृभाषा, गाठीची जागा. एकच रुग्ण तीन रुग्णालयांत तीन प्रकारे लिहिलेल्या नावांनी भेटे आणि तो एकच आहे हे ओळखावे लागे. संगणकापूर्वीच्या या कारकुनी कष्टांचे पोवाडे कोणी गात नाही. पण १९७० च्या निबंधापाठीमागे तेच उभे आहेत.

१०/
तर निकाल : वयाचा हिशेब करूनही फरक उरला. पारशांत वृद्धांचे प्रमाण अधिक असते, त्यामुळे तो हिशेब फार आवश्यक होता. तोंड-घशाचा कर्करोग कमी असण्याचे कारण बऱ्यापैकी स्पष्ट होते. झरथुष्ट्री धर्मात अग्नी पवित्र; त्याला तोंड लावणे निषिद्ध. म्हणून समाजात धूम्रपान कमी. धर्माचा एक आचार आणि रोगाचा एक आकडा इतके सरळ क्वचितच भिडतात.

स्तनाच्या कर्करोगाचे मात्र तसे नव्हते. पारशी स्त्रिया उशिरा लग्न करीत, काही करीतच नसत, मुले थोडी. हे जुने सूत्र आहे. पादुआचा बर्नार्दिनो रामाझिनी याने अठराव्या शतकाच्या आरंभी मठांतील जोगिणींत स्तनाचा कर्करोग अधिक असल्याचे लिहिले होते. १९२६ साली ब्रिटनमध्ये जॅनेट लेन-क्लेपॉन यांनी ५०० रुग्ण स्त्रिया आणि ५०० इतर स्त्रिया यांची तुलना करून अपत्यसंख्येचा संबंध आकड्यांत मांडला. दुसरे स्पष्टीकरण आहाराचे : पाश्चात्त्य धाटणीचे, सुखवस्तू जेवण. तिसरे वंशाचे : शेकडो वर्षे आपापसांत विवाह करणारा लहानसा समाज. तिन्ही स्पष्टीकरणे एकाच माणसांवर एकाच वेळी लागू होती. नोंदणी फरक दाखवू शकत होती, त्याचे कारण वेगळे काढून देऊ शकत नव्हती.

११/
येथे हेन्सेल यांचे नाव पुन्हा आठवा. मुंबईच्या निबंधाच्या दोनच वर्षे आधी, १९६८ मध्ये, त्यांनी व कुरिहारा यांनी अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. जपानमध्ये जठराचा कर्करोग फार, मोठ्या आतड्याचा कमी. अमेरिकेत राहिलेल्या जपान्यांत, विशेषतः तेथेच जन्मलेल्या पिढीत, जठराचा कमी झाला आणि आतड्याचा वाढला. रक्त तेच, ताट बदलले आणि रोगही बदलला. परिसराच्या बाजूने इतका बळकट पुरावा तोवर क्वचितच मिळाला होता.

म्हणजे हेन्सेल यांनी दोन टोकांची दोन उदाहरणे तपासली : देश बदललेले जपानी, आणि हजार-बाराशे वर्षांपूर्वी देश बदलून आता मुंबईत वेगळे राहिलेले पारशी. पहिले उदाहरण पाठ्यपुस्तकांत गेले. दुसरे मुंबईकरांनाही फारसे माहीत नाही.

१२/
१९८१ मध्ये डॉल आणि रिचर्ड पेटो यांनी अमेरिकेतील कर्करोगमृत्यूंची कारणवार वाटणी केली. तंबाखूच्या वाट्याला सुमारे ३० टक्के, आहाराच्या वाट्याला सुमारे ३५ टक्के. हा दुसरा आकडा जगभर उद्धृत झाला. त्यांनी त्यासोबत शक्यतेची कक्षाही दिली होती : १० ते ७० टक्के! तंबाखूचा आकडा म्हणजे मोजमाप आणि आहाराचा म्हणजे सुज्ञ अदमास, हे लेखकांनी लपविले नव्हते. वाचणाऱ्यांनी ३५ उचलला, कक्षा टाकून दिली. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हे दृश्य ओळखावे. साधनातला ‘बहुधा’ हा शब्द तिसऱ्या उद्धरणापर्यंत गळून पडतो.

१३/
आणि जेव्हा आहाराची खरी परीक्षा घेतली गेली तेव्हा? फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना गोळ्या देण्यात आल्या. भाज्या-फळे अधिक खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, भाज्यांत बीटा-कॅरोटीन असते, म्हणून बीटा-कॅरोटीन द्यावे, असा तर्क. १९९४ साली निकाल आला : गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक! गाजरातला गुण गाजरातून काढून गोळीत भरता येत नाही, एवढे तरी त्यातून कळले.

मग ज्यांना कर्करोग झालेला आहे त्यांचे काय? अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या ३,०८८ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांतील निम्म्यांना भाज्या, फळे, तंतुमय पदार्थ भरपूर आणि स्निग्ध पदार्थ अगदी कमी असा आहार शिकविला गेला व त्यांनी तो बऱ्याच अंशी पाळला. २००७ मध्ये निष्कर्ष आला. सुमारे सात वर्षांनंतर रोग उलटण्यात आणि मृत्यूत दोन्ही गटांत फरक नव्हता.

याचा अर्थ आहार निरर्थक, असा नाही. मद्याचा स्तन व यकृताच्या कर्करोगाशी, लठ्ठपणाचा अनेक कर्करोगांशी संबंध चांगला प्रस्थापित आहे. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक आहे. पण ‘हे खाल्लेस म्हणून झाले’ आणि ‘हे खाशील तर बरी होशील’ ही दोन वाक्ये रुग्णाच्या उशाशी बसून ज्या खात्रीने बोलली जातात, तेवढी खात्री या शास्त्राने कधी दिलेली नाही. ती वाक्ये बहुधा ज्या बाईने आयुष्यभर सर्वांना वाढून मग उरलेले खाल्ले तिलाच ऐकावी लागतात.

१४/
आता वारशाची कथा. १८९५ साली मिशिगन विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञ ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने सांगितले, की आपण तरुणपणीच कर्करोगाने मरणार. का? तर आमच्या घरात सगळे तसेच मरतात. वॉर्थिन यांनी तिचे म्हणणे हसण्यावारी नेले नाही. त्यांनी तिच्या घराण्याची वंशावळ मांडायला घेतली आणि १९१३ मध्ये ‘कुटुंब जी’ या नावाने ती प्रसिद्ध केली. ती स्त्री तिने सांगितल्याप्रमाणेच गेली, गर्भाशयाच्या कर्करोगाने.

वॉर्थिन स्वतः युजेनिक्सकडे झुकलेले होते, हे विसरता कामा नये. वंशावळीचा कागद कोणाच्या हातात आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो. डॉक्टरच्या हातात तो इशारा असतो. स्थळ पाहायला आलेल्यांच्या हातात नकार.

१५/
१९६० च्या दशकात हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा अभ्यास नेटाने पुढे नेला. आतड्याच्या व गर्भाशयाच्या त्या आनुवंशिक विकाराला आज त्यांचेच नाव आहे. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी दाखविले, की तरुण वयातील स्तनाच्या कर्करोगाशी निगडित एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये ते जनुक, बीआरसीए-१, हाती लागले. पुढच्या वर्षी बीआरसीए-२. मिरियाड या कंपनीने त्यांवर एकस्व घेतले आणि चाचणीची किंमत जवळजवळ दोन दशके आपल्या मुठीत ठेवली. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गातील जनुकावर एकस्व मिळू शकत नाही, असा निर्णय दिला.

ज्यांच्यात बीआरसीए-१ मध्ये घातक बदल असतो अशा स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्क्यांना ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. आकडा भीतिदायक आहे. मात्र स्तनाच्या सर्व कर्करोगांपैकी असे सरळ वारशाने आलेले ५ ते १० टक्केच. २००० साली स्कँडिनेव्हियातील ४४,७८८ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास झाला. त्यात स्तनाच्या कर्करोगातील तफावतीचा साधारण २७ टक्के भाग आनुवंशिकतेकडे गेला, बाकीचा परिसराकडे. (‘परिसर’ येथे फार मोठे पोते आहे : अन्न, हवा, काम, बाळंतपणे आणि निव्वळ नशीबही त्यातच.)

१६/
मग पारशांच्या प्रश्नाचे उत्तर जनुकाने दिले का? अश्कनाझी ज्यूंच्या बाबतीत ते मोठ्या प्रमाणात मिळाले : बीआरसीए जनुकांतील तीन ठरावीक बदल त्या समाजात सुमारे चाळिसांत एकाला असतात. लहान, अंतर्विवाही, धर्माने बांधलेला समाज, म्हणून पारशांचीही तशीच कथा असेल अशी कल्पना सहज मनात येते. मला हा उतावळेपणा वाटतो. उशिरा लग्न आणि थोडी मुले ही कारणे आजही तितकीच भक्कम आहेत. तसे नसते, तर आज मुंबई-पुण्यातील सर्वच समाजांच्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग वाढला नसता. १९७० मध्ये जी ‘पारशी’ जीवनरीत होती, ती आज बव्हंशी शहरी मध्यमवर्गाची जीवनरीत आहे.

शिवाय चाचणीची एक अडचण आहे आणि ती इतिहासाने निर्माण केलेली आहे. जनुकातील एखादा बदल घातक की निरुपद्रवी, हे ठरविण्यासाठी हजारो लोकांची माहिती लागते. ती माहिती प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. त्यामुळे भारतीय स्त्रीच्या अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा अधिक वेळा येतो. पैसे भरायचे, महिनाभर वाट पाहायची आणि उत्तर : ठाऊक नाही. शंभर वर्षांपूर्वी आपल्या मृत्यूच्या रकान्यात ‘ताप’ लिहिले जाई. रकाना बदलला आहे. न मोजलेल्यांची अवस्था फारशी बदललेली नाही.

१७/
गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली, आणि ती महाराष्ट्राची आहे. मुंबईच्या नोंदणीत या रोगाचे प्रमाण धर्मागणिक वेगळे होते. हिंदू स्त्रियांत अधिक, पारशी व मुस्लिम स्त्रियांत कमी. लवकर लग्न, अनेक बाळंतपणे, सुंता, स्वच्छता अशी स्पष्टीकरणे दिली गेली. त्यांपैकी काहींत तथ्य होते. पण मूळ कारण निघाले एक विषाणू. १९८० च्या दशकात जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी या कर्करोगात पॅपिलोमा विषाणूचे प्रकार शोधले. २००८ चे नोबेल त्यांना त्यासाठी मिळाले. चाळीस वर्षे धर्माच्या रकान्यात जे कारण शोधले जात होते, ते त्या रकान्याच्या पलीकडे होते.

१८/
१९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम हे तालुके. मुंबईची पद्धत येथे निरुपयोगी होती, कारण गोळा करायला चिठ्ठ्याच नव्हत्या. निदानच होत नसे. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे समजावून सांगत : अंगावरून अवेळी जाते का, गाठ आहे का, तोंड उघडत नाही का. संशय आला तर बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयात या.

काही वर्षांनी संख्याशास्त्रज्ञ कस्तुरी जयंत व त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे मांडले तेव्हा दिसले, की गर्भाशयमुखाचा कर्करोग आता आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागला होता. नवे औषध नाही, यंत्र नाही. मोजायला गेलेल्या माणसांनी बोलता बोलता घडविलेला हा बदल होता.

१९/
या भूमीवर १९९९ मध्ये एक मोठी चाचणी सुरू झाली. उस्मानाबाद जिल्हा, आजचा धाराशिव. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. टाटा मेमोरियल, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था. गावांचे चार गट पाडले. एका गटात पॅप तपासणी, एकात व्हिनेगर लावून नजरेने तपासणी, एकात विषाणूच्या डीएनएची चाचणी आणि चौथ्या गटाला केवळ माहिती व नेहमीची आरोग्यसेवा.

ही डीएनए चाचणी आहे, पण स्त्रीच्या जनुकांची नव्हे. ती बाईचा वंश विचारत नाही, जात विचारत नाही, काय खाल्ले हेही विचारत नाही. फक्त विषाणू आहे की नाही, एवढेच सांगते. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या त्या चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. विषाणूचाचणीच्या गटात ३४ मृत्यू. तपासणी न झालेल्या गटात ६४. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी विषाणूचाचणीला प्राधान्य दिले.

२०/
त्या ६४ जणींवरून पुढे मोठा वाद झाला. टीकाकारांचे म्हणणे : तपासणीने जीव वाचतात हे पॅप चाचणीमुळे जगाला कित्येक दशके माहीत होते, मग हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून मृत्यू मोजणे योग्य होते काय? अमेरिकेत असे केले असते काय? संशोधकांचे म्हणणे : त्या जिल्ह्यात तपासणी ही गोष्ट मुळात कोणालाच मिळत नव्हती, त्या गटालाही माहिती व तपासणी कोठे होते हे सांगितले होते, आणि या आकड्यांवाचून कोणते सरकार हालले असते?

मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत. टीकाकारांच्या प्रश्नाला संशोधकांचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. आणि संशोधकांनी सरकारविषयी केलेला अंदाजही चुकीचा वाटत नाही. राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात आपल्याकडे आजही मुख्य भर व्हिनेगरच्या तपासणीवर आहे. ज्या चाचणीने धाराशिवमध्ये मृत्यू निम्मे केले, ती धाराशिवच्या गावांत सर्वांना नित्य मिळणारी गोष्ट अद्याप झालेली नाही.

(धागा समाप्त. पारशी समाजाच्या लोकसंख्येचा इतिहास हा स्वतंत्र विषय आहे. त्यावर पुढचा धागा.)